युद्धे घटली, कोणाच्या वहीत?

सप्टेंबरचा एक आठवडा जालना जिल्ह्याच्या दृष्टीने मोठा विलक्षण आहे. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. २१ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाने ठरविलेला जागतिक शांतता दिन येतो आणि शाळांतील एखाद्या भाषणावर निभावून जातो. २३ सप्टेंबर हा असईच्या लढाईचा दिवस. त्याची आठवण इतिहासाच्या प्राध्यापकांखेरीज फारसे कोणी काढीत नाही. शांतता दिनाचा ठराव राष्ट्रसंघाने १९८१ साली केला आणि औरंगाबाद जिल्ह्यातून जालना वेगळा झाला तोही १९८१ सालच्या १ मे रोजीच. योगायोगाला अर्थ चिकटवण्याची आम्हाला हौस नाही. परंतु एका आठवड्यात एक लढाई, एक मुक्ती आणि एक शांतता असे तीन दिवस ज्या जिल्ह्याच्या वाट्याला आले, त्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी तरी पुढील प्रश्नाचा विचार नीट करावा, एवढीच अपेक्षा आहे.

प्रश्न असा: जगातील युद्धे खरोखर कमी होत आहेत काय? अभ्यासवर्गांतून तो वारंवार निघतो आणि त्याला दोन ठरीव उत्तरे मिळतात. जुने कार्यकर्ते म्हणतात, भांडवलशाही आहे तोवर युद्ध आहे, आकडे पाहायचे कशाला? इंग्रजी पुस्तके वाचलेले तरुण सांगतात की स्टीव्हन पिंकर या मानसशास्त्रज्ञाने २०११ साली जाडजूड ग्रंथ लिहून हिंसा शतकानुशतके ओसरत आल्याचे दाखवून दिले आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे आळसातून आलेली आहेत.

दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९४५ नंतर महासत्तांनी एकमेकींवर प्रत्यक्ष फौजा घातल्या नाहीत. फ्रान्स आणि जर्मनी १८७० पासून १९४० पर्यंत तीनदा एकमेकांच्या नरडीला भिडले होते. आज त्यांच्यात युद्ध होईल असे कोणी स्वप्नातही म्हणणार नाही. कोरिया, व्हिएतनाम, इराण-इराक या युद्धांनी लाखो माणसे खाल्ली, तरी रणांगणावरील मृत्यूंचे जगाच्या लोकसंख्येशी प्रमाण पन्नासच्या दशकापासून एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चढउतार घेत का होईना, पण उतरत आले. लोकसंख्येशी प्रमाण काढणे ही लबाडी आहे, असे आमचे काही मित्र म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. एखाद्या माणसाला युद्धात मरण येण्याची शक्यता किती, असा प्रश्न असेल तर भागाकार करावाच लागतो. मात्र ज्या आईचा मुलगा गेला तिच्या दुःखाला कशानेही भागता येत नाही, हेही त्याच वेळी ध्यानी ठेवावे.

हा उतार टिकाऊ आहे काय, हा पुढचा प्रश्न. येथे लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचे नाव घेतले पाहिजे. पहिल्या महायुद्धात शस्त्र धरण्यास नकार देऊन त्याने फ्रान्समध्ये जखमींच्या गाड्या हाकल्या. पुढे हवामान खाते विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेले तेव्हा १९२० साली त्याने नोकरी सोडली. उरलेल्या आयुष्यात त्याने साध्या खुनापासून महायुद्धापर्यंत माणसाने माणसाला मारल्याच्या घटना जमवून त्यांचे गणित मांडले. लहान भांडणे पुष्कळ आणि प्रचंड युद्धे विरळ. परंतु ती विरळ युद्धेच बहुतेक सगळे बळी घेतात, असे त्यात दिसून आले. याच वाटेने जाऊन ॲरन क्लॉसेट या अमेरिकी संशोधकाने २०१८ साली दाखविले की १९४५ नंतरच्या शांततेएवढी लांब विश्रांती निव्वळ योगायोगानेही पडू शकते. ती खरा बदल आहे असे ठामपणे म्हणायला आणखी शंभर ते एकशेचाळीस वर्षे ती टिकावी लागेल. ज्या शेतकऱ्याने लागोपाठ चार चांगले पावसाळे पाहिले त्याने दुष्काळ संपला असे मानू नये, हे आमच्या मराठवाड्यात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि पावसाळे पालटलेच. २०११ नंतर सीरिया, २०२० ते २०२२ या काळात इथिओपियाचा तिग्राय प्रांत, २०२२ च्या फेब्रुवारीपासून युक्रेन, २०२३ च्या एप्रिलपासून सुदान आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून गाझा. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठ युद्धांची वार्षिक गणना ठेवते. तिच्यानुसार २०२४ साली ज्यांत किमान एक बाजू सरकारची आहे असे ६१ सशस्त्र संघर्ष जगात चालू होते. १९४६ पासूनचा हा सर्वांत मोठा आकडा होय. २०२२ या एका वर्षात संघटित हिंसेने दोन लाखांहून अधिक बळी घेतले; १९९४ च्या रवांडातील वंशसंहारानंतर इतके भयंकर वर्ष उगवले नव्हते. शस्त्रास्त्रांवरील जगाचा खर्च २०२४ साली २,७१८ अब्ज डॉलरवर गेला आणि त्या खर्चाच्या यादीत भारत पाचवा होता.

एवढ्यावर अग्रलेख संपविता आला असता. पण आकड्यांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट दडली आहे आणि ती समजून घेण्यास स्टॉकहोमला अगर न्यूयॉर्कला जाण्याचे कारण नाही. असईला गेले तरी पुरे.

जिल्ह्याच्या उत्तरेस केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे लहानसे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे आहेत त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून त्याने केळना ओलांडली आणि शिंद्यांच्या तोफांवर पायदळ घातले. पुढे वॉटर्लूचा विजेता ठरलेला हा सेनापती असईलाच आपली सर्वोत्तम लढाई म्हणे. कंपनीची हानी नेमकी ठाऊक आहे: ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. यात गोऱ्यांबरोबर मद्रासकडच्या देशी शिपायांचा वाटा मोठा होता. मराठी फौजेची हानी किती? तिथे अंदाज सुरू होतो: मेलेले व जखमी मिळून सुमारे सहा हजार. आणि ज्या गावाच्या मातीच्या भिंतीआडून ही लढाई झाली त्या गावचे लोक? त्यांचा रकानाच त्या तक्त्यात नाही. विजेत्याचा शिपाई एकेक करून मोजला गेला, पराभूताचा शिपाई ढोबळ शून्यांनी मोजला गेला आणि शेतकरी मोजलाच गेला नाही. लढाईच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनवर आला. पावसाने दगा दिला हे त्याचे एक कारण. फौजांनी आणि लुटारू टोळ्यांनी उभी पिके, बैल व पेवे लुटून नेली हे दुसरे. त्या दुष्काळात मेलेली माणसे लढाईच्या खात्यावर कोणीही मांडीत नाही.

१८१८ नंतर दख्खनमध्ये लढाया थांबल्या, पेंढाऱ्यांच्या भीतीने गाव सोडून रानात पळण्याची पाळी कुणब्यावर राहिली नाही, हे खरे आहे. इंग्रजी अमदानीचा हा गुण नाकारण्यात देशभक्ती नाही. परंतु युद्ध संपले होते की जागा बदलून गेले होते? पहिल्या महायुद्धात तेरा लाखांवर हिंदी माणसे समुद्रापार नेली गेली आणि सत्तर हजारांवर परतली नाहीत. १९१६ साली इराकमधील कूत येथे शरण गेलेल्या, उपासमारीने अर्धमेल्या झालेल्या फौजेत मराठा पलटणीचे जवान होते. त्यांच्या गावांत त्या वर्षी शांतताच नांदत होती!

आता १९४८ कडे येऊ. येथे थांबले पाहिजे, कारण हा आमचाच विषय आहे आणि आम्हीच त्याला बगल देत आलो आहोत.

निजामाच्या राज्यात कासीम रझवीच्या रझाकारांनी केलेले खून, जाळपोळ आणि लूट ही काल्पनिक कथा नव्हे. घरदार सोडून निजामी हद्दीबाहेर पडलेली कुटुंबे, तुरुंगात कुजलेले सत्याग्रही, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढलेले शिक्षक, वकील, शेतकरी यांच्या त्यागावर मराठवाड्याची मुक्ती उभी आहे, आणि समाजवादी कार्यकर्ते त्या लढ्यात मागे नव्हते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. जालना पहिल्या एकदोन दिवसांतच त्यांच्या हाती आले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. भारतीय सैन्याची हानी फारच थोडी झाली. या मोहिमेला सरकारने नाव दिले ‘पोलीस ॲक्शन’. मराठवाड्यातील अडाण्यात अडाणी म्हातारीलाही हे इंग्रजी शब्द पाठ झाले.

पण शरणागतीनंतर काय झाले? नेहरू सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती त्याच वर्षाअखेर संस्थानात पाठविली. समितीच्या अहवालानुसार, अगदी सावध अंदाज धरला तरी, पोलीस ॲक्शनच्या काळात व नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. त्यांतील बहुसंख्य मुसलमान होते आणि त्यांचा रझाकारीशी संबंध नव्हता. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. त्यांच्या खालोखाल औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक. या चारांत मिळून निदान पाच हजार बळी गेले असे समिती म्हणते. त्या औरंगाबाद जिल्ह्यात तेव्हा आजचा बहुतेक सगळा जालना जिल्हा येत होता. अहवाल दीर्घ काळ सरकारी कपाटात राहिला. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला तो २०१३ साली, म्हणजे पासष्ट वर्षांनी.

त्या अहवालात आणखी एक नोंद आहे आणि तिच्याकडे आमच्या कामगार आघाडीने विशेष लक्ष द्यावे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचा हिंदू हल्लेखोरांपासून बचाव केला आणि त्यापायी स्वतः प्राण गमावले. मागावर शेजारी बसणाऱ्या माणसाची ओळख धर्माच्या ओळखीपेक्षा घट्ट ठरू शकते, हे आमच्या पक्षाने भाषणांतून कितीदा तरी सांगितले असेल. त्या विणकरांनी ते करून दाखविले. त्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत. मुक्तिसंग्रामाच्या कोणत्याही स्तंभावर त्यांना जागा नाही.

‘पोलीस ॲक्शन’ हे नाव एकट्या दिल्लीचे डोके नव्हते. हॉलंडने इंडोनेशियाचे स्वातंत्र्य चिरडण्यासाठी १९४७ व १९४८ साली ज्या दोन मोहिमा काढल्या त्यांनाही त्याने पोलिसी कारवाईच म्हटले. १९५० साली कोरियात सैन्य उतरविताना अमेरिकेच्या अध्यक्षांनी तेच शब्द उचलले. २०२२ साली रशियाने युक्रेनवर केलेली चढाई त्यांच्या सरकारी भाषेत ‘विशेष लष्करी मोहीम’ झाली आणि तिला युद्ध म्हणणारे रशियन नागरिक शिक्षेस पात्र ठरले. हैदराबादचा प्रश्न आणि इंडोनेशियाचा प्रश्न नैतिकदृष्ट्या एक नव्हेत, हे आम्ही स्पष्ट बजावतो. एका ठिकाणी जनतेला लोकशाही राज्यात यावयाचे होते आणि दुसऱ्या ठिकाणी साम्राज्याला जायचे नव्हते. परंतु नाव बदलले की जबाबदारी टळते आणि मोजणीही टळते, ही युक्ती सर्वत्र सारखीच चालते.

मोजणीबद्दल आणखी थोडे. उप्सालाच्या व्याख्येत वर्षाला किमान २५ माणसे लढाईत मेली तर सशस्त्र संघर्ष आणि हजार मेली तर युद्ध. जमाव जमावाला मारतो अगर शस्त्रधारी नि:शस्त्रांची कत्तल करतात, यासाठी वेगळे रकाने आहेत. ते प्रामाणिकपणे राखले जातात, पण त्यांतील आकडे १९८९ पासूनचेच आहेत. म्हणजे १९४८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या वेशींवर, विहिरींत, मळ्यांत मेलेली माणसे त्या रकान्यांत बसूच शकत नाहीत. संशोधकांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या समाजाने आपले मृत स्वतः नोंदविले नाहीत, त्याच्यासाठी परदेशचा प्राध्यापक काय करणार? परंतु ज्या उतरत्या रेषेकडे बोट दाखवून जग शहाणे झाले म्हणतात, ती रेषा अशा अनेक गळतींवरून काढलेली आहे, एवढे जाणून घ्यावे.

याच्या उलट टोकाची चूकही आमच्याच गोटात होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, उपासमार, बेकारी या सर्वांना ‘युद्ध’ म्हणण्याची आमच्या वक्त्यांना सवय आहे. टाळ्या मिळतात, पण विचार ढिला होतो. २०२२ या वर्षात महाराष्ट्रात शेतीशी संबंधित चार हजारांहून अधिक माणसांनी आत्महत्या केल्या. कारगिलमध्ये भारताचे पाचशेहून अधिक जवान पडले. यांतला पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा म्हणून त्यास युद्ध म्हणावयाचे, तर उद्या खऱ्या युद्धाला कोणते नाव ठेवणार? प्रत्येक मृत्यूला त्याचे स्वतःचे कारण आणि स्वतःचा अपराधी असतो.

तरीही सरहद्दी पुसट असतात. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळून सळया होतात. २००४ साली गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातील तोफगोळे फुटून कामगार ठार झाले आणि त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले. पश्चिम आशियातील जुन्या लढाईने तिथे उत्तर हिंदुस्थानातले मजूर मारले. सरकारदरबारी तो औद्योगिक अपघात.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर शस्त्रे खाली बसल्याचे एक खरे उदाहरण आपल्यासमोर आहे. गडचिरोलीत चार दशके चाललेला नक्षलवादी संघर्ष झपाट्याने ओसरला आहे. २००९ च्या ऑक्टोबरात लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले होते. २०१९ च्या महाराष्ट्र दिनी भूसुरुंगाने १५ जवान आणि त्यांचा चालक उडविला. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. याचे आम्ही विनाअट स्वागत करतो. बंदुकीने समाजवाद येत नाही, हे आमच्या पक्षाने तिच्याविषयी सर्वत्र आकर्षण होते तेव्हाही सांगितले होते. आता तिथेही वही उघडली पाहिजे. खबरे ठरवून नक्षलवाद्यांनी मारलेले आदिवासी आणि चकमकीत मेले म्हणून नोंदविले गेलेले आदिवासी, या दोहोंची गावनिहाय यादी कोण करणार? सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक निघाले म्हणजे शांतता आली, असे मानावयास आम्ही तयार नाही.

युद्धे जेथे खरोखर घटली तेथे ती का घटली, याचा शोध घेतला तर काळाचा महिमा असे उत्तर मिळत नाही. शीतयुद्ध संपताच मॉस्को व वॉशिंग्टनने पैसा आणि शस्त्रे आखडती घेतली आणि १९९२ साली एल साल्वाडोर व मोझांबिक येथील यादवी तहाने मिटल्या. राष्ट्रसंघाची शांतिसेना तहाचे पालन करवून घेण्यासाठी तेथे राहिली. वसाहती स्वतंत्र झाल्या म्हणून वसाहतींची युद्धे थांबली. आमच्याकडे १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि १९६० चा संयुक्त महाराष्ट्र झाला, मराठवाड्याला मराठी राज्य मिळाले आणि निजामी राज्याच्या राखेतून दुसरा भडका उठला नाही. कोणी तरी बसून, भांडून, मागे सरून हे घडविले होते. म्हणूनच ते मोडताही येते. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंदी घालणारा १९८७ चा अमेरिका-सोव्हिएत संघ करार २०१९ साली रद्दबातल झाला. अण्वस्त्रांची मर्यादा ठरविणाऱ्या २०१० च्या करारातील आपला सहभाग रशियाने २०२३ साली थांबविला. मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान ही दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रे चार दिवस विमाने, क्षेपणास्त्रे व ड्रोन घेऊन एकमेकांवर तुटून पडली. पहलगामच्या निर्घृण हत्याकांडाचा जाब विचारणे रास्तच होते. परंतु पूंछमध्ये पाकिस्तानी तोफमाऱ्याने माणसे मरत असता दूरचित्रवाणीवर जो उन्माद चालला होता, तो पाहिल्यावर मनुष्यस्वभाव निवळत चालला आहे असे म्हणण्याचे धाडस आम्हाला होत नाही.

‘हे १९४८ चे उकरून काय साधणार? जातीयवाद्यांच्या हातात कोलीत मिळेल,’ असे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु कोलीत त्यांच्या हाती आधीच आहे. एक बाजू रझाकारांची आठवण काढून आजच्या मुसलमान शेजाऱ्याकडे बोट दाखविते, दुसरी बाजू कत्तलीची आठवण मशिदीच्या आवारात कुजबुजत ठेवते, आणि आपण मधल्या मध्ये ध्वजवंदन करून घरी जातो. दोन्ही बाजूंचे मृत एकाच वहीत, गावाच्या नावासह मांडले गेले तर ती कुजबूज चारचौघांत येईल.

म्हणून जालना जिल्ह्यातील शाखांसमोर आम्ही एक साधे काम ठेवीत आहोत. १९४८ साली दहा-बारा वर्षांचे असलेले लोक आज नव्वदीच्या आसपास आहेत. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, घनसावंगी, बदनापूर या आठही तालुक्यांत अशी माणसे शोधून त्यांच्याशी बोलावे. रझाकारांनी मारलेले कोण, नंतर मारले गेलेले कोण, कोणी कोणाला लपविले, कोणाच्या जमिनी कोणाकडे गेल्या, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. सांगणाऱ्याची संमती घ्यावी. नाव नको असेल तर घालू नये. दोघांनी जावे आणि शक्यतो दोघे एका धर्माचे नसावेत. सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारी खर्चाने मराठीत छापून तालुक्याच्या वाचनालयापर्यंत पोहोचवावा, असे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाला द्यावे. टिपणे कार्यालयात पोहोचली की तालुकावार क्रमाने ती याच पानावर छापली जातील. पहिला तालुका भोकरदन, कारण असईच्या रणमैदानाच्या शेजारचा मुलूख तो आहे.